नाना शंकरशेट यांचा नकार

धनिक पुरुषाचें चरित्र म्हणजे त्याच्या देणग्यांची यादी, अशी आमची समजूत होऊन बसली आहे. मुंबईचे व्यापारी व पुढारी जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३-१८६५) यांच्या वांट्यासही तेंच आलें. आगगाडीच्या कंपनींत त्यांचा पुढाकार, १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास धांवलेली पहिली गाडी, १८५२ ची बाँबे असोसिएशन, १८६२ सालीं कायदे कौन्सिलांत मिळालेली जागा, हें सारें विद्यार्थी घडाघडा म्हणतात. आम्हांस मात्र नानांची थोरवी त्यांच्या एका नकारांत दिसते.

त्या काळीं मुंबई इलाख्यांतील शिक्षण बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या हातीं असे. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. वरच्या वर्गांतील थोडक्यांस इंग्रजींतून उत्तम शिक्षण द्यावें, द्रव्यही तिकडेच खर्चावें, असा त्यांचा आग्रह. नाना त्याच बोर्डाचे सभासद. इंग्रजी त्यांस चांगली अवगत. सरकारदरबारीं मोठा मान. मान डोलाविली असती तर त्यांचें कांहीं बिघडतें ना. पण १८४७ सालीं त्यांनीं लेखी विरोध केला : बहुजनसमाजापर्यंत विद्या पोहोंचावयाची तर ती देशी भाषांतूनच पोहोंचेल. इतर देशी सभासद व कर्नल जर्व्हिस हेही त्यांच्याच बाजूस उभे राहिले. जर्व्हिससाहेबांनीं मराठी शालोपयोगी पुस्तकें सिद्ध करण्यांत वर्षें घालविलीं होतीं. मुलांस काय समजतें हें ते जाणून होते.

नाना इंग्रजीचे वैरी नव्हेत. एल्फिन्स्टन कॉलेजाच्या उभारणीस त्यांनींच हातभार लाविला. १८४९ च्या सुमारास गिरगांवांतील आपल्या वाड्यांत मुलींच्या शाळेस जागा दिली, तेथें मात्र मराठी चाले. मॅट्रिकला संस्कृतांत पहिला येणारास जी शिष्यवृत्ति मिळत असे, ती त्यांच्याच नांवाची. तीन भाषा, तिहींचीं कामें निराळीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

आमच्या राजारामपुरींत हा भेद विसरला जात आहे. गल्लीगल्लींतून मुलें सकाळीं इंग्रजी शाळांच्या गाड्यांत चढतात. सायंकाळीं झाडाचें पान अन्न कसें तयार करितें हें इंग्रजींत न चुकतां म्हणून दाखवितात, आणि अंगणांतील जास्वंदीजवळ नेऊन तेंच विचारलें कीं गप्प होतात. आम्ही पालक पाठांतरावर खूष!

पालकांस आमची एक विनंति आहे. आज रात्रीं मुलाच्या शास्त्राच्या पुस्तकांतील एक पान उघडा व तें मराठींत समजावून सांगावयास सांगा. मूल अडखळलें तर त्याच्यावर रागावूं नका. तें पान आपणच त्याच्याशेजारीं बसून मराठींत सांगून पाहा.