कुंभाराच्या सुनेची हजेरी

'कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच' ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो. कोणी टाळाटाळ करू लागलं की हसत हसत म्हणायची. पण ती सून उकिरड्यावर येते कशाला, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला पडला नव्हता. तो पडला आमच्या निरगुडसरला, तीन दिवसांच्या एका कार्यशाळेत. आणि पडला तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

त्याचं असं झालं. आमच्या बचत गटातल्या बायकांसाठी हाताने मातीची भांडी घडवण्याची कार्यशाळा ठरली. चाक नाही, यंत्र नाही. पत्रकावर लिहिलं होतं, 'पूर्वानुभवाची गरज नाही. नवशिक्यांचे स्वागत.' शिकवायला पुण्याहून एक ताई येणार होत्या. माती मळून द्यायला कोणीतरी हवं, म्हणून शेजारच्या गावातल्या कुंभाराच्या घरच्या मावशींना बोलावलं. रजिस्टर माझ्याकडे होतं. एकवीस जणींची नावं मी 'प्रशिक्षणार्थी' या रकान्यात लिहिली, ताईंच्या नावापुढे 'प्रशिक्षक' लिहिलं आणि मावशींच्या नावापुढे 'मदतनीस'. लिहिताना हात जराही अडखळला नाही. ताईंना मानधन ठरलं, मावशींना रोजाने मजुरी.

ताई मनापासून शिकवणाऱ्या होत्या, हे आधीच सांगते. त्यांनी तीन रीती दाखवल्या. पहिली, मातीचा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मध्ये खळगा पाडायचा आणि चिमटीत दाबत दाबत कड वर न्यायची. "अगं बाई, ही तर मोदकाची पारी!" आमच्यातली एक म्हणाली. दुसरी, मातीच्या लांब वळ्या करून एकीवर एक बसवत भिंत उभी करायची आणि बोटाने पुसून सांधे एकजीव करायचे. तिसरी, माती पोळीसारखी लाटायची आणि तुकडे कापून जोडायचे. जोडण्याआधी दोन्ही कडा खरवडून त्यांना मातीचा पातळ चिखल लावायचा, नाहीतर वाळताना सांधा सुटतो. म्हणजे काय, तर दाबणं, वळणं, लाटणं. जन्मभर चुली घातलेल्या, चुलीला वैल जोडलेल्या, गौऱ्या थापलेल्या बायका आम्ही. कागदावर मात्र नवशिक्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून आणलेली पिशवीतली माती संपली. कोणीतरी हौसेने शेतातली काळी माती घमेलं भरून आणली. आम्ही ती मळली, वाट्या केल्या, सावलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर एकूणएक वाटीला चिरा. मावशी कोपऱ्यात बसून पाहत होत्या.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं का असं होणार म्हणून?"

"व्हतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"इचारलं कुणी?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मग आम्ही विचारलं आणि त्या सांगू लागल्या. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तितकीच आखडते, म्हणून तडकते. तिच्यात गाळाची माती मिसळायची, चाळलेली राख घालायची, लीद घालायची. लीद आव्यात जळून जाते, तिच्या जागी बारीक भोकं राहतात. त्याच भोकांतून माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडून जातं आणि आतलं गार राहतं. ही राख, ही लीद, आव्याला लागणारा केरकचरा आणायचा कुठून? उकिरड्यावरून. आणायचा कोणी? घरातल्या सुनेने.

ताई वही काढून लिहून घेत होत्या. आणि मला ती म्हण आठवली. ज्या म्हणीवर आपण हसतो, ती एका बाईच्या कामाची नोंद आहे. आपल्या भाषेने तिची हजेरी लावून ठेवली, तीसुद्धा टिंगल म्हणून. कामगार म्हणून मात्र ती कुठल्याच वहीत नाही.

मी मावशींना विचारलं, "चाक येतं का हो तुम्हाला?"

"बाईनं हात लावायचा न्हाय. चाक देव हाय."

आपल्याकडच्या बहुतेक कुंभार घरांत हाच रिवाज आहे. माती खणून आणायची, कुटायची, चाळायची, भिजवायची, मळायची. चाकावरून उतरलेलं जाड मडकं आतून गोटा धरून बाहेरून थापटण्याने बडवत मोठं करायचं. वाळवायचं, रंगवायचं, आवा रचायचा आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकायचं. मावशी यातलं सगळं करतात. चाकावरची काही मिनिटं तेवढी मालकाची. आणि कुंभार कोण? जो चाकावर बसतो तो.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं, ही कथा पोराटोरांना ठाऊक आहे. त्याच कथांमध्ये त्यांच्या बायका आहेत, संती आणि रामी. त्यांनी किती माती मळली असेल, हे आपण कधी विचारलंय का?

आता कोणी म्हणेल, हा जुना रिवाज, जाईल हळूहळू. पण तो नव्या कागदावरही येऊन बसलाय. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा प्रकारच्या कारागिरांसाठी ती आहे आणि त्यात कुंभार आहेत. प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, शिवाय दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज. योजना वाईट नाही. पण नियम असा, की नोंदणी एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीची. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. कागदावर हा नियम बाईविरुद्ध नाही, हे खरं. पण 'तुमच्या घरात कुंभार कोण?' असं विचारल्यावर कोणाचं नाव सांगितलं जाईल, हे का मी तुम्हाला सांगायला हवं? मावशींच्या घरातही मालकांचंच नाव गेलं. ओळखपत्र त्यांचं, अवजारं त्यांच्या नावावर. मावशी तिथेही मदतनीसच.

घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी बाईसुद्धा कामगार आहे, तिची गणती झाली पाहिजे, हे इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 'श्रमशक्ती' अहवालात १९८८ सालीच मांडलं होतं. आपण तेव्हा त्यावर चर्चा केल्या, मोर्चे काढले. आणि इतक्या वर्षांनी मीच माझ्या हाताने 'मदतनीस' लिहिलं.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. नायजेरियातल्या लादी क्वाली या बाई चाकाशिवाय, वळ्यांवर वळ्या चढवून मोठाले रांजण घडवायच्या. तिथल्या अमीराच्या वाड्यात त्यांची भांडी मांडलेली होती. मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने ती पाहिली. पुढे त्याने आबुजाला काढलेल्या प्रशिक्षण केंद्रात १९५४ साली त्या दाखल झाल्या. कशा म्हणून? तर शिकाऊ म्हणून! त्या चाकही शिकल्या, पण जगभर नाव झालं ते हाताने घडवलेल्या रांजणांमुळे. आज नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. आपल्या मणिपूरमधल्या आंद्रो गावात तर भांडी घडवणं हे परंपरेने बायकांचंच काम, तेही चाकाशिवाय. म्हणजे चाक नाही तर कुंभार नाही, हा काही मातीचा नियम नाही. तो माणसांनी, त्यातही पुरुषांनी घातलेला आहे.

आमच्याच तालुक्यातून वाहणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाशेजारून जाते. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली पुरलेली मातीची डबी मिळाली. तिच्यासोबत हाताने घडवलेल्या, न भाजलेल्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि एक बैल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मातीला कोणाचे हात लागले होते, बाईचे की पुरुषाचे, ते आता कळायला मार्ग नाही. तेव्हा रजिस्टर नव्हतं. आज आहे, आणि आमच्या कार्यशाळेत ते माझ्या हातात होतं.

मला माहीत आहे, काही जणी म्हणतील, ताई शहरातून आल्या, शिकून आल्या, त्यांना मानधन मिळालं तर बिघडलं कुठे? काहीच बिघडलं नाही. त्यांच्याकडून आम्ही सांधा कसा जोडायचा, जाडी सारखी कशी ठेवायची, ओल्या फडक्याखाली सावकाश कसं वाळवायचं, हे नीट शिकलो. ताईंचे पैसे कापा असं मी म्हणत नाही. मावशींना तेवढेच द्या, असं म्हणते. कार्यशाळा कुठेही घ्या, तिथल्या कुंभारणीला शिकवणारी म्हणून बोलवा, तिचं नाव पत्रकावर छापा. योजनेतला एका घरात एकाच कारागिराचा नियम बदला, अशी मागणी आपण गटागटातून लेखी पाठवू या. आणि चाकाला हात लावायचा की नाही, हे मावशींना ठरवू दे. त्यांना नको असेल तर नको. पण हात लावला नाही म्हणून त्या कुंभार नाहीत, हे यापुढे चालणार नाही.

आठ-दहा दिवसांनी भांडी नीट सुकल्यावर मावशींच्या दारात आवा लागला. खाली गौऱ्या, मध्ये भांडी, वर उसाचं पाचट आणि खापरांचं झाकण. आधी मंद धग, मग जाळ. एकदम जाळ दिला तर आतल्या ओलीची वाफ होऊन भांडं फुटतं. मावशी आव्याभोवती फिरून धुराच्या रंगावरून सांगत होत्या, अजून ओल आहे, आता सुकलं, आता वाढवा. आम्ही एकवीस जणी आणि ताई, मुकाट ऐकत होतो. माझी वाटी एका बाजूला कलली आहे, पण फुटली नाही. मी तिच्यात मीठ ठेवते.

त्या संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं, 'मदतनीस' खोडलं आणि वर 'प्रशिक्षक' लिहिलं. मावशींना दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. "काय लिवलंस?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग रोज वाढवून द्या की."

गटाच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घेतला. फरकाची रक्कम मावशींना पोचती झाली आहे.