पाठीवरचा फुगवटा

आपल्या धंद्यात गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तरी दोष शिंप्याचा. 'मास्तर, कोट तंग केलात' हे ऐकलं नाही असा कारागीर शोधून सापडायचा नाही. पण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने, मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना, टीव्हीवरच्या मुलाखतीत तोच सूर लावावा म्हणजे कमाल झाली. २००४ च्या ऑक्टोबरअखेर जॉर्ज बुश (धाकटे) यांना चार्ल्स गिब्सन यांनी विचारलं, की निवडणुकीच्या पहिल्या वादसभेत तुमच्या पाठीवर कोटाखाली काय होतं? बुश म्हणाले, काय ते मला ठाऊक नाही. सांगायला लाज वाटते, पण शर्ट नीट शिवलेला नव्हता.

शर्ट! कोटाच्या बाहेरून दिसणाऱ्या उंचवट्याला आतला शर्ट कारणीभूत.

त्या उंचवट्याचा फोटो मोबाइलवर फिरत फिरत अलीकडे शिवणवर्गातल्या एका विद्यार्थिनीपर्यंत पोचला आणि तिने तो आमच्याकडे पाठवला. सोबत एवढाच प्रश्न होता : 'सर, कोटाची पाठ अशी येऊ शकते का?' प्रश्न राजकारणाचा नाही, कटिंगचा आहे. म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावर.

आधी झालं काय ते सांगतो. ३० सप्टेंबर २००४ रोजी फ्लोरिडातल्या कोरल गेबल्सला, मायामी विद्यापीठात, बुश आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी यांची पहिली वादसभा झाली. दोन्ही पक्षांनी आधी ३२ पानांचा करार केला होता. पोडियमची उंची, दोघांमधलं अंतर, कॅमेरा कुठे आणि कसा, सगळं त्यात लिहिलेलं. उमेदवाराला पाठमोरं दाखवायचं नाही, हेही एक कलम होतं. वाहिन्यांनी ते जुमानलं नाही. बुश पोडियमवर पुढे झुकले आणि मागच्या कॅमेऱ्यात दोन खांद्यांच्या मधोमध चौकोनी उंचवटा दिसला. त्यात मध्येच ते 'मला बोलणं पूर्ण करू द्या' असं म्हणाले होते, आणि त्या वेळी त्यांना कोणी अडवलेलं नव्हतं. झालं! पाठीवर रेडिओ, कानात बोळा आणि पडद्यामागून कोणीतरी उत्तरं सांगतंय, अशी कुजबुज सुरू झाली. ८ ऑक्टोबरला, म्हणजे सेंट लुईसच्या दुसऱ्या वादसभेच्या दिवशी, 'सलॉन' या संकेतस्थळाने ती छापली. केरींनाही कोणी सोडलं नाही. त्यांनी खिशातून काहीतरी काढलं, ती कॉपी असणार, असा ओरडा झाला. निघालं ते पेन.

खुलासे बघा कसे बदलत गेले. आधी बुश यांच्या माणसांनी फोटोच बनावट असल्याचं सुचवलं. पण चित्रीकरण घरोघरी लोकांनी पाहिलेलं. मग म्हणाले, कोटाचं कापड चुरगळलं असेल. मग खुद्द शिवणाऱ्याला विचारलं गेलं. जॉर्ज द पारी यांचं दुकान व्हाइट हाउसच्या जवळ. जॉन्सनपासून पुढच्या अध्यक्षांचे सूट त्यांनी शिवले असं सांगितलं जायचं. त्यांनी सांगितलं, पाठीच्या मधल्या शिवणीवर चुणी पडली आहे, हात बांधून पुढे वाकलं की ती जास्त दिसते. आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष स्वतः शर्टावर आले. एकाच फुगवट्याला कधी कोट जबाबदार, कधी शर्ट. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

आता कापडाकडे वळू. सुटाच्या कोटात कॅनव्हास कुठे असतो? छातीला, लॅपलला, म्हणजे पुढे. पाठीला वरचं कापड आणि अस्तर, फार तर खांद्याच्या हाडांवरून एक पातळ पट्टी. म्हणून पुढचा भाग खूप काही झाकून घेतो आणि पाठ सगळं सांगून टाकते. मधली शिवण ओढली गेली, दोरा ताणून बसला किंवा एक बाजू दुसरीपेक्षा लांब लागली, तर चुण्या पडतात. पण त्या शिवणीच्या आजूबाजूला, बारीक आणि एकामागे एक. माणूस पुढे वाकला की पाठ उभी ताणली जाते आणि अशा चुण्या उलट कमी होतात. कॉलर मानेत नीट बसली नसेल तर तिच्या खाली आडवी वळी येते, पण माणूस सरळ उभा असताना. वाकला की तीही जाते. मुंढा खोल कापला असेल किंवा तिरा कमी पडला असेल तर बगलेपासून बगलेपर्यंत आडव्या रेघा ओढल्या जातात. यातल्या एकाही दोषाला कोपरे नसतात.

त्या फोटोत कोपरे आहेत. वाकल्यावर तो आकार पुसट झाला नाही, उलट उठून दिसला, कारण ताणलेलं कापड आतल्या वस्तूवर चापून बसतं. शर्टाचं पॉपलिन कितीही वाईट शिवा, लोकरी कापड आणि अस्तर यांच्यातून त्याचा चौकोन बाहेर दिसायचा नाही. हे सांगायला मोठ्या पदवीची गरज नाही, चार वर्षं ट्रायल घेतलेला पोरगाही सांगेल. पण अमेरिकेत हे सांगायला पुढे आले ते नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले शास्त्रज्ञ रॉबर्ट नेल्सन. ग्रह-उपग्रहांची छायाचित्रं तपासण्यात मुरलेला माणूस. त्यांनी वादसभेच्या चित्रांवर तीच पद्धत चालवली आणि सांगितलं, की कोटाखाली काहीतरी आहे. काय आहे ते मात्र सांगता येत नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यावर बातमी तयार केली आणि मतदानापूर्वी ती बाजूला ठेवली. शनीच्या मोहिमेवरच्या या माणसाचं ऐकलं, ज्याने कोट शिवला त्याला विचारलं. तिसऱ्या कुठल्या तरी कटिंग मास्टरपुढे तो फोटो ठेवावा, हे मात्र फारसं कोणाला सुचलं नाही.

तेव्हा काहीतरी होतं. पण तो रेडिओ होता का? इथेही आपली विद्या उपयोगी पडते, आणि इथे ती अफवेच्या विरोधात जाते. कानात बोलण्याची युक्ती खरी आहे. गळ्यात तारेचं वेटोळं, ते एका छोट्या यंत्राला जोडलेलं, आणि कानात वायरशिवाय बसणारा इवलासा बोळा; वेटोळ्यातल्या चुंबकीय क्षेत्रातून आवाज बोळ्यात उमटतो. बाहेरून काही दिसत नाही. पण यंत्र ठेवायचं कुठे? टीव्हीवाल्यांसाठी शिवणाऱ्या कोणालाही विचारा, माईकचा ट्रान्समीटर कमरेला, पाठीमागे जिथे कणा आत वळतो आणि कोट अंगापासून सुटून लोंबतो तिथे लावतात. तिथे पाकीट मावलं तरी कळत नाही. खांद्यांच्या मधली जागा त्याच्या बरोबर उलटी. संपूर्ण कोटात तिथेच कापड सगळ्यात घट्ट असतं आणि हात हलला की हलतं. चोरून काही बांधणारा नेमकी तीच जागा निवडेल, हे मला पटत नाही. आणि ज्याच्या कानात कोणी उत्तरं सांगत होतं त्याची त्या रात्रीची कामगिरी तर त्याच्याच पक्षाच्या माणसांनाही आवडली नव्हती. बुश यांनी यावर विनोद केला तो बरा होता : मी भरकटलो की शिकारी कुत्र्यासारखी माझी कळ दाबून मला परत जागेवर आणत असतील, अशी लोकांची समजूत दिसते.

मग पाठीवर नेमकं त्या जागी काय येतं? गोळीरोधक जाकिटाचा पट्टा. मतदान २ नोव्हेंबरला झालं. ४ नोव्हेंबरला 'द हिल' या वॉशिंग्टनच्या वृत्तपत्राने सुरक्षा यंत्रणेतल्या सूत्रांच्या हवाल्याने छापलं, की तो जाकीट अंगाला बांधून ठेवणारा पट्टा होता. मला हेच सगळ्यात जुळणारं वाटतं. राष्ट्राध्यक्षाच्या अंगात कधी जाकीट असतं आणि कधी नसतं हे जगाला सांगू नये, हेही समजण्यासारखं आहे. पण मग 'यावर आम्ही बोलणार नाही' एवढं म्हणून भागलं असतं. शिंप्याला पुढे करायची गरज नव्हती.

जॉर्ज द पारींवर मला राग काढायचा नाही. गिऱ्हाइकाच्या अंगाचं गुपित पोटात ठेवणं हा आपल्या धंद्याचा जुना नियम आहे आणि कदाचित त्यांनी तोच पाळला. (गुपितं ठेवण्यात ते तरबेज होतेच. २०१५ मध्ये ते वारल्यावर उघड झालं, की स्वतःच्या फ्रेंचपणाची त्यांनी सांगितलेली कथा खरी नव्हती, गृहस्थ मूळचे ग्रीक.) पण गप्प राहणं वेगळं आणि आपल्याच शिवणीवर खोटा दोष घेणं वेगळं. चुणी नसताना चुणी आहे म्हणालो, तर उद्या खरी चुणी पडेल तेव्हा आपल्या शब्दाला काय किंमत राहणार?

अशी वेळ साध्या दुकानातही येते. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांकडे लग्नाच्या कोटाची दुसरी ट्रायल होती. पहिल्या ट्रायलला पाठ आरशासारखी बसली होती. दुसऱ्या वेळी कमरेच्या वर आडवा कंगोरा. नवरदेवाचे वडील तापले, कापड वाया घालवलं म्हणाले. मास्तरांनी काही न बोलता पाठीवरून तळहात फिरवला. आत कडक पट्टा लागला. नवरदेवाची पाठ धरली होती, डॉक्टरांनी पट्टा बांधायला सांगितला होता आणि मुलीकडच्यांना ते कळू द्यायचं नव्हतं. मास्तर वडिलांना म्हणाले, 'दोन दिवस द्या, मला जरा मार्जिन सोडायचंय.' बगलेच्या शिवणी उसवल्या, दाबातलं कापड बाहेर काढलं, पाठीला अस्तराच्या आत पातळ वॅडिंगचा थर दिला. चूक कबूल केली नाही आणि पट्ट्याचं नावही काढलं नाही.

ज्यांना अमेरिकेतल्या वादसभांमध्ये खरी चोरटी मदत कुठे झाली हे पाहायचं असेल त्यांनी कोट सोडून कागद शोधावेत. १९८० मध्ये जिमी कार्टर यांची वादसभेच्या तयारीची टिपणं रेगन यांच्या गोटात पोचली. १९८३ मध्ये ते बाहेर आलं, तेव्हा रेगन यांच्या गोटातले जेम्स बेकर यांनी सांगितलं, की ती मला प्रचारप्रमुख विल्यम केसींनी दिली. केसींनी ते नाकारलं. हेच बेकर २००४ च्या ३२ पानी करारात बुश यांच्या बाजूने होते. २०१६ मध्ये सीएनएनवर भाष्यकार असलेल्या डॉना ब्राझील यांनी सीएनएनच्या कार्यक्रमांतले प्रश्न हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारकांना आधीच कळवल्याचं फुटलेल्या ईमेलमधून दिसलं आणि सीएनएनशी असलेलं त्यांचं नातं संपलं. दोन्ही वेळी कोणाच्या कोटाला सुरकुती पडली नाही. तरी लोकांची नजर अंगावरच जाते. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या कानातल्या मोत्यांत इअरफोन असल्याची अफवा उठली. त्या वेळी सुटले आपण, अडकले सोनार.

शिवणवर्गातल्या त्या मुलीला उत्तर द्यायचं तर : नाही, कोटाची पाठ आपोआप अशी येत नाही. आत काही असेल तरच येते, आणि ते काय हे आधी विचारलं तर येऊ न देणं आपल्या हातात असतं. माप घेताना आपण छाती, कंबर, तिरा, बाहीची लांबी सगळं घेतो. 'हा कोट घालाल तेव्हा आत काय असेल?' हे फारच थोडे विचारतात. छातीत वरच्या बाजूला बसवलेला पेसमेकर, कमरेचा इन्सुलिन पंप, पाठीचा पट्टा, हल्ली पुढाऱ्यांच्या आणि बिल्डरांच्या अंगातली जाकिटं, यातल्या प्रत्येकाला वेगळी सूट लागते. विचारायचं ते ट्रायलच्या खोलीत, एकट्याला, नातेवाईक बाहेर असताना. वहीत ती गोष्ट नावानिशी लिहायची नाही; 'पाठ +' अशी खूण पुरते, कारण वही दुकानातली पोरंही उघडतात. जाकीट असेल तर ते घालायला लावूनच माप घ्यायचं, छातीबरोबर मुंढ्याची खोली आणि पाठीची लांबीही वाढवायची, आणि कच्च्या टाक्यावरच्या ट्रायलला गिऱ्हाइकाला सरळ उभं करून सोडून द्यायचं नाही, टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकायला सांगायचं. जाकिटावरच्या कोटाचं पूर्ण ड्राफ्टिंग, पाठीच्या दोन आकृत्यांसह, याच अंकात दिलं आहे.