रसपरीक्षा : कॉफीची आणि आपल्या चूर्णांची

कॉफीसारख्या विषयावर या त्रैमासिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न अनेक वैद्यबंधूंच्या मनात येईल. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोखाहून सात बिया आणून चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. म्हणजे बृहत्त्रयीत या द्रव्याचा उल्लेख असण्याचा संभवच नाही. पित्तप्रकृतीच्या वा अनिद्रेने त्रस्त रुग्णास मी ती वर्ज्यच सांगतो. प्रस्तुत लेखाचा हेतू कॉफीची भलामण करण्याचा नाही.

चिकमगळूर, कोडगू, बिळिगिरीरंगन डोंगर येथील निवडक मळ्यांचे बी आता निरनिराळे भाजणावळ करणारे घरपोच देतात. पाकिटावर मळ्याचे नाव, वाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, फळ धुऊन वाळवले की सालीसकट, आणि भाजल्याची तारीख छापलेली असते. एकाच मळ्याचे बी दोघांकडून मागवून मी घरी करून पाहिले. पंधरा ग्रॅम बी आयत्या वेळी जाडसर दळावे, कागदी गाळणीत घालून त्यावर सुमारे ९३ अंशांचे २४० मिलिलिटर पाणी सावकाश सोडावे. तीन मिनिटांत पेय तयार होते. हलक्या भाजणीचे बी स्पष्ट अम्ल, संत्र्याची आठवण देणारे. गडद भाजणीचे तिक्त आणि जड. द्रव्य तेच, परंतु अग्निसंस्काराने रस पालटला. संस्कार म्हणजे गुणांतर, हे पाठ म्हणून आपण सारेच शिकलो. जिभेवर मात्र मला ते असे प्रथमच कळले.

दळणाचेही तसेच. फार बारीक दळले की कषाय रस उतरतो, फार जाड ठेवले की पेय पातळ व आंबट लागते. ही सरळसरळ फांट कल्पनाच आहे! शार्ङ्गधरांनी कुटलेल्या एक पल द्रव्यावर एक कुडव उष्ण जल घालून वस्त्राने गाळण्यास सांगितले आहे. रात्रभर थंड पाण्यात भिजवलेली कॉफी घ्यावी, तर ती हिम कल्पनेच्या जवळ जाते. आणि आपण? काढ्याची भरड म्हणून जे रुग्णाच्या हाती देतो, त्यात अर्धी धूळ आणि अर्धे खडे असतात.

कॉफीच्या व्यवसायातील परीक्षकांची रीत याहून बोधप्रद आहे. नावे झाकून पेले ओळीने मांडतात, दळलेल्या बीचा गंध आधी घेतात, गरम पाणी ओतून चार मिनिटांनी वरची साय चमच्याने फोडतात, आणि सुरकन घोट ओढून प्रत्येक नमुन्यास गुण देतात. शंभरापैकी ८० गुण मिळाले तरच ते बी विशेष दर्जाचे. चरकाचार्यांनी रसाचे ज्ञान निपाताने, म्हणजे द्रव्य जिभेवर पडताच, होते असे सांगितले. हे प्रमाण आपले. नित्य पाळतात मात्र ते.

गतवर्षी एका पुरवठादाराकडून आलेले कुटकीचे चूर्ण मी पंधरा दिवस रुग्णांना दिले. गुण येईना, म्हणून अखेर चिमूटभर जिभेवर ठेवले. कुटकी ती, आणि तोंड कडू होऊ नये! पुरवठादाराचा दोष आहेच. पण डबा उघडला त्याच दिवशी मी ते चाखले नाही, हा दोष माझा.

औषधनिर्माते व दुकानदार बंधूंना येथे स्पष्ट सांगावेसे वाटते. डब्यावरील उत्पादनाची तारीख ही चूर्ण तयार झाल्याची असते. मूळ कोणत्या प्रदेशातून, कोणत्या ऋतूत उपटले, किती काळ गोदामात पडून होते, याचा तीवरून बोध होत नाही. कल्पस्थानात देश व काल पाहून द्रव्यसंग्रह सांगितला आहे, तो विद्यार्थ्यांनी परीक्षेत लिहिण्यापुरता नव्हे. शार्ङ्गधरांच्या मते दोन महिन्यांनी चूर्ण हीनवीर्य होते. कायद्याने मिळणारी मुदत याहून कितीतरी अधिक आहे. कॉफीवाला भाजल्याची तारीख छापतो, कारण गिऱ्हाईक ती विचारतो. आपल्यापैकी किती जण संग्रहाची तारीख विचारतात? किंमत वाढेल, हा आक्षेप मला मान्य आहे. वाढू द्यावी, निर्वीर्य चूर्ण स्वस्तात घेऊन रुग्णाचे पैसे वाचत नाहीत.

आपल्या जिल्हा शाखेच्या पुढील बैठकीत एकाच द्रव्याचे, समजा यष्टीमधूचे, पाच ठिकाणचे नमुने नावे झाकून ठेवावेत आणि प्रत्येकाने चाखून आपले मत कागदावर लिहावे. नमुन्यांचा खर्च मी करीन. औषध दुकानदार बंधूंनी अवश्य यावे, आणि त्या दिवशी सभागृहात चहा किंवा कॉफी चाखणे झाल्यावरच द्यावी.