वायफायच्या जाळ्यास तारेचा आधार

सिल्वासा व आसपासच्या गावांतील पुष्कळ घरे एकामागे एक खोल्या वाढवीत उभी राहिलेली आहेत. पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, आणि मुलगा कमावता झाला की वर स्लॅबची खोली. अशा घरात एका पेटीचे वायफाय शेवटपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हल्ली ‘मेश’ पद्धतीच्या दोन-तीन पेट्या लावण्यात येतात. तरीही मागील खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलीचा ऑनलाइन वर्ग अडखळतो, आणि आखातात नोकरीस असलेल्या बापाचा चेहरा बोलता बोलता थिजून जातो. मग दुकानदार आणखी एक पेटी सुचवितो. आमच्या मते पेटीपूर्वी तार ओढावी.

मेशमधील दुसरी पेटी सर्व मजकूर पहिलीकडे हवेतूनच धाडते. स्वस्त पेट्यांत बहुधा हे काम आणि घरातील फोनांचे काम एकाच लहरींवर चालते. म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावयाची, आणि एक बोलत असता दुसऱ्याने गप्प राहावयाचे. हा गोंधळ जुनाच आहे. हवाई विद्यापीठाने १९७१ साली रेडिओद्वारे संगणक जोडले, तेव्हा संदेश एकमेकांवर आदळत. त्याच प्रयोगाचा अभ्यास करून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये तारेवरील ‘इथरनेट’ योजिले. तीच तार आज आपल्या कामी येते. दोन पेट्या तिने जोडल्या की त्यांचे आपसांतील बोलणे तारेतून होते, व हवा फोनांस मोकळी राहते. टीव्ही किंवा संगणकही जवळच्या पेटीस तारेनेच जोडावा.

खरेदीपूर्वी पेटी उलटून पाहावी. काही पेट्यांस तार खोवण्याची जागाच नसते. तार शुद्ध तांब्याची, ‘कॅट सिक्स’ जातीची असावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते, ती घेऊ नये. लांबीची मर्यादा १०० मीटर आहे; घरास त्याचा चतुर्थांशही लागत नाही.

जोडणीचा क्रम मात्र अनेक जण चुकवितात. फायबरच्या पेटीतून तार मेशच्या मुख्य पेटीत यावी, आणि पुढच्या पेट्यांच्या तारा त्या मुख्य पेटीतूनच निघाव्यात. दुसरी पेटी थेट फायबरच्या पेटीस जोडली, तर मुख्य पेटी वगळली जाऊन सारे जाळे विस्कटण्याचा संभव असतो. जागा अपुरी पडल्यास मुख्य पेटीपुढे ‘स्विच’ बसवावा. वीज गेल्यावरही काम चालावे असे वाटत असेल, तर या सर्वच पेट्या इन्व्हर्टरवर हव्यात.

अंगणापलीकडील वेगळ्या घरास तांब्याची तार नेऊ नये. आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीस विजा फार. जवळ वीज पडली तर तिचा झटका त्या तारेवाटे दोन्ही घरांतील यंत्रे जाळू शकतो. तेथे काचतंतूची केबल घालावी.

ज्यांच्या स्लॅबचे काम दिवाळीनंतर निघणार आहे, त्यांनी गवंड्यास आताच सांगून विजेच्या नळीपासून थोड्या अंतरावर एक रिकामी नळी टाकून घ्यावी.