घाट चढून आलेले लॅपटॉप

धारूरचा घाट उतरून काय काय जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडं जातात, हंगामात सीताफळांचे क्रेट जातात, बारावी झालेली पोरं पुण्याची गाडी धरतात. घाट चढून वर काय येतं, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. अलीकडे त्यात एका मालाची भर पडलीय: शहरातल्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप.

लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक ही नावं आता कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ असतात. कंपन्या हे लॅपटॉप तीन-चार वर्षं वापरतात, बरेचदा ते भाड्याचेच असतात. मुदत संपली की लॉटच्या लॉट विकला जातो. व्यापारी त्यात एसएसडी टाकतो, रॅम वाढवतो आणि दहा-पंधरा हजारांत माल पुढे सरकतो. ज्या घरात मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्याचा हिशोब वर्षभर चालतो, तिथे पन्नास हजारांचा नवा लॅपटॉप येत नाही. खरं तर त्याची गरजही नसते. कंपन्यांसाठी बनवलेलं हे यंत्र दणकट असतं. पीकविम्याचे अर्ज भरायला, टायपिंग शिकायला, स्पर्धा परीक्षेची व्हिडिओ लेक्चर्स बघायला ते पुरून उरतं. सेकंड हँड म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. हीच माणसं जुना ट्रॅक्टर हौसेने घेतात.

घेताना डोळे मात्र उघडे ठेवा. दुकानातच इंटरनेट जोडून विंडोज नव्याने टाकायला सांगा. तेव्हा एखाद्या कंपनीचं नाव दिसलं आणि तिथल्या ईमेलने लॉगिन मागितलं, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या खात्याला बांधलेला आहे. फॉरमॅट कितीदाही मारा, सुटत नाही. बायोसला पासवर्ड नाही ना, तेही बघा. बॅटरीवर भरवसा ठेवू नका, तीच आधी संपलेली असते. आणि आपल्याकडे तर वीज गेल्यावरच लॅपटॉपची खरी परीक्षा असते. पावतीवर सीरियल नंबर लिहून घ्या, म्हणजे चोरीच्या मालाची भानगड गळ्यात पडणार नाही.

आता हा माल आणखी स्वस्त व्हायला हवा. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट बंद केला, आणि विंडोज 11 ला इंटेलचा बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं एका तारखेने म्हातारी ठरली. ज्यांच्याकडे ती अजून आहेत ते ती काढतील, आपल्याकडे येतील. त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट टाकता येतं, आणि विद्यार्थ्याचं काम आणखी काही वर्षं आरामात चालतं. सेवा केंद्रवाल्यांनी मात्र आपलं अंगठ्याचं यंत्र त्यावर चालतं का, हे आधी विचारावं.

इथपर्यंत सगळं चांगलंच आहे. तक्रार आहे ती पुढची. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे धारूरला येऊन लॅपटॉप मरतो, तेव्हा तो नेऊन द्यायचा कुणाकडे? पुण्या-मुंबईत ई-कचरा घेणारे आहेत. तालुक्याच्या गावाला आहे तो भंगारवाला, आणि तो किलोवर घेतो. त्याचा दोष नाही. तो नसता तर हे सगळं उकिरड्यावर गेलं असतं. पण पुढे या मालाचं काय होतं ते दिल्लीच्या सीलमपूरने आणि मुरादाबादने देशाला दाखवलंय. तांब्यासाठी वायरी जाळायच्या, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवायचे. शिसं आणि कॅडमियम मातीत, पाण्यात आणि काम करणाऱ्यांच्या अंगात.

कायदा नाही असंही नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. 2023-24 साठी उत्पादकांना 60 टक्के रिसायकलिंगचं उद्दिष्ट होतं, ते 2027-28 पासून 80 टक्के होईल. कागदावर झकास. गोम पुढे आहे. उत्पादक हे उद्दिष्ट नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन पुरं करतो, आणि ती प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड या धातूंच्या हिशोबात निघतात. माल कुठला, हे कोण विचारतंय? मोठ्या शहरातून ट्रकभर कचरा मिळत असताना बालाघाटाच्या डोंगरातले चार लॅपटॉप न्यायला कुणी कशाला येईल? 2016 च्या नियमांत निदान कचरा गोळा करण्याची व्यवस्था उभारणं उत्पादकाच्या गळ्यात होतं. ते ओझं उतरलं, आणि छोटी गावं हिशोबातून गळाली. याला मी पळवाटच म्हणेन.

म्हणून आता मागणी उत्पादकाकडे नाही, आपल्या नगरपरिषदेकडे. घरगुती कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा करून नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवणं हे याच नियमांनी शहरी स्थानिक संस्थांवर सोपवलेलं काम आहे. नगरपरिषदेच्या दारात एक कुलूपबंद लोखंडी पेटी ठेवावी, बाजाराच्या दिवशी दवंडी द्यावी, पेटी भरली की रिसायकलरला बोलवावं. फुगलेल्या बॅटऱ्यांसाठी वाळू भरलेला वेगळा डबा हवा. तोवर अशी बॅटरी टोचू नका आणि भंगारातही देऊ नका. यासाठी वेगळ्या निधीची वाट बघायचं कारण नाही. लॅपटॉपच्या भंगाराला रिसायकलर पैसे देतो.