उरलेले वीस टक्के

‘शेअर’ हा शब्द हिंगोली जिल्ह्याला शिकवला तो साखर कारखान्याने. वसमतच्या पूर्णा कारखान्याचा शेअर घरात आला की माणूस सभासद झाला. वार्षिक सभेला मांडवात बसायचे, अहवालाची पाने चाळायची, ठरावामागून ठराव ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पुढे सरकताना पाहायचे आणि ‘आयत्या वेळचे विषय’ आले की उसाच्या भावासाठी उठून बोलायचे. शेअर एक असो की पन्नास, मत एकच. हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला फुटबॉलप्रेमींचा एक जुना वाद समजावून सांगावा लागत नाही: आपल्या क्लबात एखाद्या धनिकाचा वाटा किती वाढू द्यायचा?

आपल्या जिल्ह्यात मोठा क्लब नाही. फुटबॉल बघायचा तो मोबाइलवर. पण हा वाद देशात जिथे सर्वात तीव्र झाला, त्या कोलकात्याकडे नीट पाहिले तर तो परका वाटत नाही.

मोहन बागान 1889 सालचा क्लब. 1911 मध्ये त्याच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. जानेवारी 2020 मध्ये संजीव गोएंका यांच्या आरपीएसजी समूहाने या क्लबच्या फुटबॉल कंपनीचा 80 टक्के वाटा घेतला, क्लबकडे 20 उरले. हिरवा-मरून रंग टिकला, पण संघाचे नाव झाले ‘एटीके मोहन बागान’. एटीके हा याच उद्योगसमूहाचा, 2014 मध्ये जन्मलेला संघ. सहा वर्षांच्या पोराचे नाव एकशे तीस वर्षांच्या आजोबांच्या आधी लागले. सामना सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात, जिथे गोलांचा आकडा दिसतो, तिथे पहिली तीन अक्षरे परकी. ज्याचे आजोबा-वडील मैदानाच्या त्याच कठड्याला टेकून उभे राहिले, त्याला ते किती लागले असेल, हे घरावरची जुनी पाटी उतरवावी लागलेल्या माणसाला विचारावे. समर्थकांनी ‘रिमूव्ह एटीके’चे फलक धरले आणि तीन वर्षे धरून ठेवले. 18 मार्च 2023 ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर बंगळुरूला पेनल्टीत हरवून संघाने इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला, तेव्हा गोएंकांनी तिथेच नाव बदलल्याचे जाहीर केले. ‘एटीके’ गेले, मागे ‘सुपर जायंट’ लागले. म्हणजे मालकाने आपली खूण पुढून काढून मागे ठेवली.

त्या पैशाने काय दिले, तेही मोजले पाहिजे. 2023-24 ला लीग शील्ड, 2024-25 ला शील्ड आणि करंडक दोन्ही. याच क्लबने 2014-15 चा आय-लीग जिंकला तेव्हा खेळाडूंचे पगार थकलेले होते. पगार थकला की घरभाडे थकते, हे खेळाडूच्या घरच्यांना आधी कळते. सभासदांच्या वर्गणीवर आज वरच्या पातळीचा संघ चालत नाही. हे मान्य न करता ‘क्लब आमचाच’ म्हणणे खेळाडूंवर अन्याय करणारे आहे.

शेजारच्या ईस्ट बंगालने उलटी वाट धरली. 2018 मध्ये क्वेस कंपनी 70 टक्क्यांवर आली, दोन वर्षांत गेली. 2020 मध्ये श्री सिमेंट आली. अंतिम कराराने क्लबचे हक्कच जातील म्हणत पदाधिकाऱ्यांनी सही अडवून धरली. जुलै 2021 मध्ये क्लबबाहेर समर्थकांचेच दोन गट भिडले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. एकीकडे ‘सही करा’, दुसरीकडे ‘क्लब विकू नका’. दोघांच्याही अंगावर लाल-सोनेरी जर्सी होती आणि माझ्या मते दोघेही क्लबवर जीव टाकणारे होते. मुख्यमंत्र्यांनी मध्ये पडून हंगाम पार पाडला, पण संघ त्या वर्षी अकरात अकरावा आला.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसाने तरी लपवू नये. ‘सभासदांचा’ म्हणवणारी संस्था नेहमी सभासदांची असतेच असे नाही. सहकारात वर्षानुवर्षे त्याच घराण्यांची पॅनेल निवडून येताना आपण पाहिली आहेत. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी सही अडवली, ती समर्थकांसाठी की आपल्या खुर्चीसाठी, हा प्रश्न कोलकात्यात विचारला गेला आणि तो रास्त होता.

तरीही मला जास्त धास्ती वाटते ती धनिकाच्या येण्यापेक्षा त्याच्या जाण्याची. 1998 मध्ये विजय मल्ल्यांच्या कंपनीने मोहन बागानमध्ये निम्मा वाटा घेतला होता, संघाच्या नावाआधी मॅकडॉवेल लागले होते. 2016 मध्ये मल्ल्या देश सोडून गेले. 2014 मध्ये एफसी गोवा उभा राहिला तो डेम्पो आणि साळगावकर या गोव्याच्या घराण्यांसोबत आपल्या मराठवाड्यात वाढलेल्या व्हिडिओकॉनच्या धूतांच्या भांडवलावर. चार वर्षांत व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मुंबईचा महिंद्र युनायटेड तर एकाच कंपनीचा. 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला हा संघ 2010 मध्ये कंपनीने गुंडाळला. सभाच नव्हती, तर विचारणार कोणाला? मुंबई सिटीत 2019 मध्ये 65 टक्के घेणाऱ्या परदेशी समूहाने संघाला करंडक मिळवून दिले, आणि लीगचेच भवितव्य अधांतरी झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये वाटा सोडला. यात कोणी वाईट वागले असे मी म्हणत नाही. धंद्याला तोटा झाला की धंदा हात काढून घेतो. समर्थकाला मात्र हात काढता येत नाही.

जर्मनीत 1998 पासून नियम आहे: काही मोजके अपवाद सोडले तर निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच. तिकडे दर आठवड्याला भरणारी मैदाने पाहिली की हेवा वाटतो. आपल्याकडे तो नियम जसाच्या तसा आणला तर उद्या एकही मोठा गुंतवणूकदार फिरकणार नाही, असे मला वाटते. म्हणून टक्क्यांवर भांडण्यात फार जोर घालवू नये. ऐंशी द्यावे लागले तर द्यावेत. पण नाव, चिन्ह आणि रंग कंपनीच्या मालमत्तेत जाऊ देऊ नयेत. ते मूळ क्लबच्या नावावर राहावेत आणि कंपनीने ते वापरायला घ्यावेत, जसे शेत बटाईने दिले तरी सातबारा मालकाच्याच नावावर राहतो. वाटा वाढवायचा तर दर टप्प्याला सभासदांचे मतदान व्हावे, तेही आयत्या वेळी न आणता, महिनाभर आधी करार हातात देऊन. आणि मालक निघालाच तर पहिला हक्क क्लबचा, थकलेले पगार चुकते केल्याशिवाय सुटका नाही, हे पहिल्याच पानावर असावे.

यातले नावाचे तेवढे मोहन बागानच्या समर्थकांना तीन वर्षे घसा फोडून, आणि तेही अर्धेच, मिळाले. करारावर सही होण्याच्या आदल्या दिवशी त्यांना हे सगळे मागता आले असते, पण तो करार तेव्हा त्यांच्यापुढे कोणी ठेवला नव्हता.