दूरदेशीची मावशी

वाशिम, कारंजा वा रिसोडहून परदेशी शिकायला गेलेल्या नातवंडाच्या फोनसाठी आजी-आजोबा रात्री जागतात आणि फोन येताच ‘आम्ही ठणठणीत आहोत’ एवढेच सांगतात. पलीकडूनही तेच उत्तर येते. ही लपवाछपवी दोघांच्याही प्रकृतीस बाधते.

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या, तेव्हा पत्र पोहोचण्यास कित्येक आठवडे लागत. न्यू जर्सीतील थिओडोसिया कार्पेंटर यांनी त्यांना प्रेमाने घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. तथापि फिलाडेल्फियाची थंडी त्यांना मानवली नाही. १८८६ मध्ये पदवी मिळाली. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज आवाज क्षणात पोहोचतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडील रात्रीचे आठ. अशी वेळ ठरवून घेतल्यास जागरण टळते. जेवण, झोप, उबदार कपडे यांची चौकशी करावी. आपला वाढलेला रक्तदाबही मोकळेपणाने सांगावा. आजी खरे बोलली, तरच नातही खरे बोलेल. आणि तेथे तिला कोणी मावशी लाभली का, हेही अवश्य विचारावे.